चाकांवरचें बिऱ्हाड

श्रोतेहो, विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण म्हणतों तें बहुधा ज्याला स्थिर घर नाहीं अशा मनुष्याविषयीं. आणि तें म्हणतांना आपल्या स्वरांत थोडी कीवहि असते. गेल्या कांहीं वर्षांत मात्र ज्यांना घरदार आहे, पेन्शन आहे, दारापुढें तुळशीवृंदावन आहे, अशी मंडळीहि हौसेनें हें बिऱ्हाड पाठीवर घेऊं पाहत आहेत. ज्या मोटारींत निजण्याची, रांधण्याची व देहधर्माची सोय असते तिला मोटरहोम किंवा कॅराव्हॅन अशीं नांवें आहेत. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. त्याच वर्षीं केरळ राज्यानेंहि अशीच योजना जाहीर केली. पुढील वर्षीं महिंद्र कंपनीनें आपल्या बोलेरो गाडीवर असें घर बांधण्याकरितां एका संस्थेशीं करार केला. तेव्हांपासून निवृत्त मंडळींच्या बैठकींत हा विषय वारंवार निघतो. आमच्या दारीं गेलीं पांच वर्षें असें एक लहानसें वाहन उभें आहे; त्यामुळें भंडाऱ्याकडील पुष्कळ लोक मला तीन प्रश्न विचारतात: असें वाहन घ्यावें काय, घ्यावयाचें तर कोणतें घ्यावें, आणि घेतल्यावर तें राखावें कसें? या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही वस्तु परदेशांतून आली व आपल्याला ती सर्वस्वीं नवी आहे, असें पुष्कळांस वाटतें. पाश्चात्त्य देशांत हौसेखातर असें घर बांधून घेणाऱ्यांत पहिलें नांव घेतलें जातें तें डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थाचें. आरमारांतील वैद्यकीय नोकरींतून निवृत्त झालेल्या या लेखकानें १८८५ सालीं अठरा फूट लांबीची घोड्यांची गाडी करवून घेतली, तिचें नांव 'वाँडरर' ठेविलें, आणि दक्षिण इंग्लंडांतून निघून थेट इन्व्हरनेसपर्यंत प्रवास केला. पण त्याच्या कितीतरी आधीं आपल्या देशांत गाडिया लोहारांचे कुटुंबच्या कुटुंब बैलगाडींत जन्मत होतें व बैलगाडींतच म्हातारें होत होतें. चितोड पडल्यावर घरांत न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनीं घेतली, असें त्यांची परंपरा सांगते. आपल्या झाडीपट्टींतील शेतकरीहि महाशिवरात्रीला गायमुखाच्या किंवा पचमढीच्या महादेवाच्या यात्रेला निघे तो गाडीवर तट्ट्याचें छत घालून, खालीं तणसाची गादी अंथरून, तांदूळ, डाळ व जळण बरोबर घेऊनच निघे. मुक्काम पडला कीं बैल सोडावे, तीन दगडांची चूल मांडावी, आणि बायकामुलांनीं गाडींत निजावें. तें मोटरहोम नव्हतें तर काय होतें? फरक इतकाच कीं, गाडिया लोहारांची गाडी हें त्यांचें एकमेव घर होतें, आणि आपली गाडी हें दुसरें घर आहे. हा फरक विसरूं नये. ज्या रस्त्याच्या कडेला गरिबाला पालांत रात्र काढावी लागते, त्याच कडेला आपण हौसेनें मुक्काम करतों; तेव्हां आपल्या वागण्यांत नम्रता असली पाहिजे.

आतां पहिला प्रश्न: असें वाहन घ्यावें काय? याचें उत्तर हौसेनें देऊं नये, गणितानें द्यावें. उदाहरणाकरितां धरा कीं, वाहन व आंतील मांडणी मिळून आठ लाख रुपये लागले, आणि दहा वर्षांनीं विकतांना दोन लाख परत आले. म्हणजे सहा लाख खर्ची पडले. वर्षास साठ हजार. विमा, तेलपाणी, टायर, किरकोळ दुरुस्ती यांस वर्षाकांठीं चाळीस हजार धरा. एकूण एक लाख झाले. वर्षांत तीस रात्री तुम्ही त्या गाडींत निजलां, तर एका रात्रीस तीन हजार तीनशें रुपयांहून अधिक पडले. आणि यांत इंधन धरलेलेंच नाहीं. साठ रात्री निजलां तर तो आंकडा निम्म्यावर येतो. यावरून उघड आहे कीं, जो वर्षांतून एकदां पंढरपूर व एकदां शेगांव करतो त्यानें धर्मशाळेंत किंवा भक्तनिवासांत उतरावें, हेंच शहाणपणाचें. केवळ पैसा वांचेल या आशेनें कोणीं हें वाहन घेऊं नये. तो वांचत नाहीं.

मग घ्यावें तें कशाकरितां? श्रोतेहो, येथें मी ज्या गोष्टीकडे येतों ती चारचौघांत बोलली जात नाहीं, आणि म्हणूनच ती बोलणें अवश्य आहे. आपल्या घरांतील वयस्क स्त्री प्रवासाला निघते तेव्हां ती काय करते तें पाहिलें आहे काय? ती आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पिऊं लागते. गाडींत बसल्यावर कोणीं तांब्या पुढें केला तर 'मला तहान नाहीं' असें म्हणते. तिला तहान असते. पण वाटेंत आडोसा मिळेल, तेथें पाणी असेल, तेथें गुडघे वांकवून बसतां येईल, याचा तिला भरंवसा नसतो. वैशाखाच्या उन्हांत, जेथें पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो अशा आपल्या प्रांतांत, आठ आठ तास पाण्यावांचून राहणें हा देहाशीं खेळ आहे. त्यानें मूत्रविकार बळावतात, भोंवळ येते, मधुमेह्याची अवस्था बिकट होते. आमच्या कुटुंबाचे गुडघे गेल्यापासून तिनें माहेरच्या लग्नालाहि जाणें सोडलें होतें. विचारलें तर 'कंटाळा येतो' एवढेंच म्हणे. खरें कारण समजावयास मला फार दिवस लागले नाहींत. परंतु तें तिनें आपल्या तोंडानें कधींच सांगितलें नाहीं. आमच्या दारींची गाडी आली ती या कारणाकरितां. गाडी आल्यावर पहिल्याच प्रवासांत तिनें लाखनीपर्यंत जातां जातां दोन पेले पाणी मागून घेतलें, तेव्हां तिची किंमत वसूल झाली, असें मी समजलों.

यावरूनच दुसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे निवडीचें, पहिलें सूत्र निघतें. गाडी पाहावयास जाल तेव्हां रंग, पडदे, दूरदर्शनचा पडदा यांकडे पाहूं नका. आधीं शौचपात्र कोठें आहे तें पाहा. लहान गाडींत निराळी खोली नसली तरी चालते. दोन भागांचें सुटें पात्र मिळतें. वरच्या भागांत पाणी, खालच्या भागांत मळ. झांकण लावलें म्हणजे दुर्गंधि येत नाहीं. पण त्याची बैठक गुडघेदुख्या माणसास सोसेल इतकी उंच असावी, बाजूस धरावयास दांडा असावा, आणि पडदा आंतून पक्का बंद व्हावा. गाडींत चढण्याची पायरी जमिनीपासून वीतभराहून फार उंच नसावी. विकत घेण्याआधीं घरांतील स्त्रीनें स्वतः चढून, बसून, उतरून पाहावें. विक्रेत्यासमोर तिला संकोच वाटेल, म्हणून पुरुषांनीं थोडा वेळ बाहेर जावें. या एका परीक्षेंत निम्म्या गाड्या नापास होतील.

दुसरें सूत्र आकाराचें. आपल्या गांवच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापानें आंखलेल्या आहेत. फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर ही गाडी उंच व प्रशस्त असते. सहाजणांच्या कुटुंबास ती योग्य. परंतु दोघां म्हाताऱ्यांना मारुतीच्या ईको गाडीएवढें, म्हणजे सुमारें बारा फूट लांबीचें वाहन पुरतें. अशा गाडींत उभें राहतां येत नाहीं, हा तिचा दोष; परंतु ती साकोलीच्या बाजारांतून वळते, पवनीच्या जुन्या वेशींतून आंत शिरते, आणि साठी उलटलेल्या मनुष्याच्या हातांस ती आवरते, हे तिचे गुण.

तिसरें सूत्र वजनाचें, आणि हें बहुतेकांच्या लक्षांत राहत नाहीं. प्रत्येक वाहनाच्या नोंदणीपत्रांत भारासहित कमाल वजन लिहिलेलें असतें. त्यांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा केलें म्हणजे आपला वांटा निघतो. आतां बेरीज करा. दोन माणसें एकशेंतीस किलो. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. कारण लिटरास एक किलो हा हिशेब चुकत नाहीं. लांकडी बाज व खण चाळीस किलो. शिशाची बॅटरी तीस किलो. पांच किलो गॅसची टाकी लोखंडासकट बारातेरा किलो. अंथरूण, भांडीं व शिधा पंचवीस किलो. ही बेरीज पाऊणतीनशें किलोंच्या वर गेली. अधिक भार घातला तर ब्रेक लांब लागतो, टायर तापतो, आणि वळणावर गाडी झुकते. आमचें भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. पितळेवांचून प्रवासास निघणें आम्हांस जड जातें. तरी पण गुंड, परात व घंगाळ हीं घरींच ठेवावीं. दोन पातेलीं, एक तवा व एक कुकर यांत दोघांचा संसार उत्तम होतो.

चौथें सूत्र कायद्याचें. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत मालकाला परस्पर बदल करतां येत नाहीं. राहत्या मोटारींकरितां ए.आय.एस. १२४ या नांवाचें मानकहि आहे. म्हणून एखादा कारागीर 'पत्रा कापून खिडकी करून देतों, कोण विचारतो!' असें म्हणूं लागला तर त्यास नमस्कार करून बाहेर पडावें. विचारणारा कोण तें अपघात झाल्यावर कळतें. नोंदणीपत्रांत नसलेला बदल दिसला तर विमा कंपनी दावा नाकारूं शकते. एक तर तयार व मान्यताप्राप्त गाडी घ्यावी, किंवा गाडीला भोंक न पाडतां आंत ठेवतां व बाहेर काढतां येईल अशी सुटी मांडणी करावी. आणि दोन्ही प्रकारांत परिवहन कार्यालयाला व विमा कंपनीला आधीं लेखी विचारावें. तसेंच आपल्या वयाकडेहि पाहावें. पंचावन्न वर्षांपुढें परवाना एका वेळीं पांचच वर्षांकरितां मिळतो, व त्यास वैद्यकीय दाखला लागतो. हा दाखला केवळ कागद समजूं नये. मोतीबिंदु पिकला असेल तर आधीं डोळा, मग गाडी.

आतां आंतील व्यवस्थेविषयीं. विजेचा हिशेब फार सोपा आहे. बारा व्होल्टची शंभर अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशें वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती केली तर ती लवकर मरते. म्हणून हातीं सहाशें उरले. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालला म्हणजे दोनशें गेले. दोन दिवे व दोन दूरध्वनि यांस सत्तर धरा. म्हणजे दोन रात्री निभतात. छतावर शंभर वॅटचा सौरफलक असला तर स्वच्छ दिवशीं चारशें वॅट-तासांच्या आसपास भर पडते. श्रावणांतल्या आभाळांत त्याचा चतुर्थांशहि मिळेल कीं नाहीं याची शाश्वती नाहीं. कोणी म्हणेल, वातानुकूलन यंत्र बसवूं. एक टनाचें यंत्र हजार वॅटांच्या आसपास घेतें. तीच बॅटरी त्याला अर्धा तास पुरेल. याचा अर्थ असा कीं, लहान गाडीनें मे महिन्यांत विदर्भांत हिंडूं नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे महिने हेच या प्रवासाचे.

बॅटरीच्या अगदीं लगत मुख्य फ्यूज असलाच पाहिजे. आमच्या गाडीचें विजेचें काम ज्या कारागिरानें केलें त्यानें तो बसविलाच नव्हता. सहा महिन्यांनीं तार पत्र्याला घासून उघडी पडली, आणि करपल्याच्या वासानें आम्ही जागे झालों म्हणून वांचलों. फ्यूजची किंमत ती किती! विकत घेणाऱ्यानें पलंग उचलून, बॅटरीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक तार डोळ्यांनीं पाहावी.

गॅसविषयीं दोन गोष्टी. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो; गळला तर तो वर जात नाहीं, खालीं सांचतो. म्हणून टाकीच्या खणाला तळाशींच बाहेर उघडणारी वाट हवी, आणि गाडी चालू असतां टाकीची चावी बंद हवी. शक्य तोंवर चूल बाहेर मांडावी. उघड्यावरच्या पिठल्याला चवहि अधिक येते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. थंडीच्या दिवसांत बंद गाडींत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून कधींहि निजूं नये. कोळशाच्या धुरांत जो कार्बन मोनॉक्साइड वायु असतो त्याला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य त्यानें निजलेलाच राहतो. अंगावर आणखी एक गोधडी घ्यावी, आणि कांच दोन बोटें उघडी ठेवावी.

तिसरा प्रश्न राखण्याचा. जुने लोक गाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय वेशीबाहेर पडत नसत. तोच नियम येथें लागू आहे. राहती मोटार चालून जितकी झिजत नाहीं तितकी उभी राहून झिजते. पंधरा दिवसांतून एकदां तरी ती दहापंधरा किलोमीटर चालवावी. दारांत नुसतें इंजिन घुरघुरवून बॅटरी भरत नाहीं. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. २३२१ असें असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला. नक्षी शाबूत दिसली तरी पांचसहा वर्षांनंतर तो जाणकाराकडून तपासून घ्यावा, कारण रबर वयानेंहि कडक होतें. मृगापूर्वीं छताचा प्रत्येक सांधा पाण्यानें भिजवून पाहावा. एका थेंबाची गळती एका पावसाळ्यांत अख्खी लांकडी फळी कुजविते. धानाच्या प्रदेशांत उंदरांना तोटा नाहीं. कापणीनंतर ते आसरा शोधीत येतात आणि तारा कुरतडतात. म्हणून गाडींत धान्याचा कण ठेवूं नये, आणि तळाच्या भोंकांत लोखंडी तारेची घासणी कोंबावी. प्रवासाहून आल्यावर पाण्याची टाकी रिती करून वाळवावी, बॅटरीची तार सोडावी, आणि गाद्यांना ऊन दाखवावें.

राहिला मुक्काम. नदीच्या पात्रांत व कांठच्या सखल वाळूंत गाडी लावूं नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्यप्रदेशांतील संजय सरोवराचें पाणी सुटलें आणि वैनगंगेनें भंडारा शहरासह कांठचीं कितीतरी गांवें पाण्याखालीं घातलीं. पाऊस दुसऱ्या राज्यांत पडतो व पूर आपल्या दारांत येतो. गोसीखुर्द धरणाला तेहतीस दरवाजे आहेत; त्याच्या जलाशयाचा कांठहि आज जेथें दिसतो तेथें उद्यां असेलच असें नाहीं. मार्च-एप्रिलांत मोहाच्या झाडाखालीं उतरूं नये; फुलें वेंचावयास पहांटे अस्वलहि येतें. कोका किंवा नागझिऱ्याच्या अभयारण्यांत गाडी उभी करून निजण्याचा तर विचारच नको. गांवांत सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला विचारून शाळेच्या अथवा देवळाच्या आवारांत उतरावें. महामार्गावर पेट्रोलपंपवाल्याची परवानगी घ्यावी.

आणि शेवटीं, जें शौचपात्र आपल्याला सुखाचें झालें तें दुसऱ्याला दुःखाचें होऊं देऊं नये. आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं जे तलाव खोदले व जे पुढें मालगुजारी तलाव या नांवानें ओळखले गेले, त्यांवर आजहि कितीतरी गांवांचें धान पिकतें, गुरें पाणी पितात, ढिवरांचीं कुटुंबें मासे धरून जगतात. अशा तलावाच्या पाळीवर गाडी लावून जो आपलें पात्र पाण्यांत रितें करतो, तो पाहुणा नव्हे. तें आपल्या घरच्या किंवा सार्वजनिक शौचकूपांतच रितें करावें. तोंवर तें आपल्याबरोबर वागवावें. दोन दिवसांची ही अडचण आहे, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

सारांश, श्रोतेहो, ज्याला प्रतिष्ठेकरितां हें वाहन हवें आहे त्यानें घेऊं नये. ज्याला पैसा वांचवावयाचा आहे त्यानेंहि घेऊं नये. मोठ्या शहरांत अशा गाड्या भाड्यानें मिळतात. आधीं एक आणून दोन रात्री तींत काढून पाहाव्या. पण आपल्या घरांत आई असेल, पत्नी असेल, वडील बहीण असेल, आणि ती 'मला तहान नाहीं' म्हणून प्रवास करीत असेल, किंवा 'मला कंटाळा येतो' म्हणून घरींच राहत असेल, तर या विषयाचा विचार अवश्य करावा. गाडी परवडली नाहीं तरी हरकत नाहीं. निदान पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वीं वाटेंतील स्वच्छ जागा कोठें आहेत तें आधीं विचारून ठेवावें, तेथें न सांगतां गाडी थांबवावी, आणि मग तिच्यापुढें पाण्याचा तांब्या धरावा. तेवढें तर कोणत्याहि गाडींत करतां येतें.